नाइन, श्वेस्टर

खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. भाऊ दोन्ही बॅगा घेऊन जिना उतरला होता आणि मी आईच्या पाया पडत होते. गुडघ्यांमुळे ती एअरपोर्टवर येणार नव्हती. तिचा चेहरा बघून मी विचारलं, "आई, त्रास होतोय ना?" डोळे पुसत ती म्हणाली, "नाइन, श्वेस्टर." आम्ही दोघी रडता रडता हसलो.

मी नर्स. जर्मनीतल्या नोकरीसाठी आधी त्यांच्या भाषेची परीक्षा द्यावी लागते. भांडुपच्या आमच्या दीड खोलीत सरावाला पेशंट कुठून आणणार? आई दिवाणावर आडवी व्हायची. मी जर्मनमध्ये विचारायचे, दुखतंय का? "नाइन, श्वेस्टर", म्हणजे "नाही, सिस्टर", एवढं एकच उत्तर तिने पाठ केलं होतं. 'हो' पण शिक म्हटलं तर म्हणायची, "माका काय दुखत नाय, मग होय कित्याक म्हणू गो?" वर पेशंटच्या हक्काने चहा मागायची.

परीक्षा पास झाले. आता एका लहान गावातल्या वृद्धाश्रमात काम करते. अंथरुणाला खिळलेल्यांना पडून पडून जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, पाठ तपासायची. काम मला आवडतं, खोटं कशाला बोलू? इथे नर्सला मान आहे.

तीन वर्षांनी आई मोरीत घसरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. भाऊ-वहिनी दोघंही नोकरीला, म्हणून दिवसभरासाठी मंगलमावशी ठेवल्या. मावशी प्रेमळ होत्या, पण हे काम त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शिकवणारी जर्मनीत होती. व्हिडिओ कॉलवर मी सांगायचे, त्या मान डोलवायच्या. "मावशी, आईची पाठ दाखवा जरा," म्हटलं की आई मध्येच, "फोनात कोण पाठ दाखवता? गप रव!" दुखतंय का विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, आणि मी हसून फोन ठेवायचे. पेशंट 'नाही' म्हणाला तरी आपण बघायचं, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. माझी रजा शिल्लक होती. ती मी गणपतीसाठी राखून ठेवली होती.

आईला ताप चढला म्हणून भावाचा फोन आला, तेव्हा निघाले. हॉस्पिटलमध्ये तिला कुशीवर वळवलं तर कमरेखाली माझी मूठ जाईल एवढी जखम. मंगलमावशी दाराशी रडत होत्या. "त्याच बोलल्या, पोरीला सांगू नको, काम सोडून धावत येईल." चार दिवस मी दर दोन तासांनी आईची कूस बदलली. पाचव्या दिवशी ती गेली.

भाऊ म्हणतो, "ताई, तू इथे असतीस तरी काय झालं असतं?" काय झालं असतं ते मला पक्कं माहीत आहे. ती जखम झाली नसती.

तो म्हणतो, घर तुझंच आहे, कधीही ये. आहेच. पण दिवाण अजून तिथेच आहे आणि मला त्या खोलीत बसवत नाही. माझं घर आता त्या दोन शब्दांपुरतं उरलंय, आणि ते मला रोज परक्यांच्या तोंडून ऐकावे लागतात.

सात नंबरच्या खोलीतल्या आजींना मी सकाळी विचारते, दुखतंय का? त्या हसून म्हणतात, "नाइन, श्वेस्टर."

मी चादर बाजूला करते आणि त्यांची पाठ बघते.