पणजीचा ओटा

आज मुलगा आमच्या मुरूम गावाहून गाडीनं गोव्याला निघाला, म्हणून शेंगांची चटणी कुटली. लसणाच्या वासानं आईबरोबर केलेली गोव्याची जीपची सफर आठवली.

पणजीतल्या जुन्या गल्लीत खिडक्यांना काचेऐवजी शिंपले होते. आई एका पिवळ्या घरापुढं थांबून बघत राहिली. ओट्यावरची म्हातारी म्हणाली, "येयात, बसात."

आमची शिदोरी वाटेतच संपलेली. आई म्हणाली, "पहिल्यांदा कुणाकडं रिकाम्या हातानं बसू न्हाय, बाई. पुढच्या खेपेला चटणी आणते, मग बसते."

पुढची खेप आईच्या हयातीत झालीच नाही.

निघताना मुलानं मोबाइलवर मुक्कामाचं हॉटेल दाखवलं. तेच पिवळं घर, तीच शिंपल्यांची खिडकी, तोच ओटा. आता तिथं पैसे देऊन कुणीही बसतं. चटणीचा डबा मी दिला. कुणाला द्यायचा, ते मात्र सांगता आलं नाही.