बेडकाच्या डोळ्यांपर्यंत पाणी

"बेडकाचे पाय दिसतायत! बाबा, बेडकाचे पाय परत दिसतायत!"

माझी लेक बाल्कनीत उभी राहून अशी ओरडली की आमच्या बेव्हर्ली पार्क कॉलनीतली समस्त कबुतरं उडाली ती थेट खाडीपलीकडे गेली. त्यातली काही, माझ्या माहितीप्रमाणे, अजून परतलेली नाहीत. मी चहाचा कप घेऊन धावलो, बायको लाटणं घेऊन धावली, आणि उन्हाळ्यापुरती रत्नागिरीहून आलेली माझी आई मागून सावकाश आली.

बाल्कनीत आमचा फुगवायचा टब होता. निळा, गोल, बाल्कनीत एकदा घातल्यावर माणसाला जेमतेम जागा उरेल एवढा. आतल्या बाजूला एक हिरवा बेडूक छापलेला, दोन पायांवर उभा, पोट पुढे काढून हसणारा. पाणी किती चढलं ते आम्ही त्या बेडकावरून मोजायचो. आदल्या संध्याकाळी पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत होतं. आता त्याची पावलं कोरडी होती आणि तो हसतच होता.

टब घरात येण्याचं कारण लेकीची मैत्रीण. ती पालीच्या कोळीवाड्यातली. दारात समुद्र, अंगणात होडी. शाळेच्या शेवटच्या दिवशी तिनं समुद्राविषयी जरा जास्तच सांगितलं, तेव्हा आमच्या कन्येनं शांतपणे जाहीर केलं की आमच्या घरात स्विमिंग पूल आहे. हे बोलणं तिनं कोणाकडून उचललं यावर घरात दोन मतं नव्हती. बायकोनं आणि आईनं एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. मैत्रीण म्हणाली, बघायला येते रविवारी. आणि पालीची माणसं येतो म्हणाली की येतात.

मग मी टब आणला. पंप वेगळा घ्यावा लागतो हे दुकानदारानं सांगितलं नाही, म्हणून तोंडानं फुगवला. शेवटी शेवटी मला माझे पूर्वज दिसायला लागले. ते ओळीनं उभे राहून हातानं नको नको म्हणत होते.

पण टब फुगवणं सोपं होतं. भरणं अवघड. त्या उन्हाळ्यात आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, तेही आमच्यावर उपकार केल्यासारखं. बायकोनं अट घातली: पिंपातला एक थेंब टबाला मिळणार नाही. ज्याला पूल हवा त्यानं आपल्या आंघोळीच्या पाण्यातून द्यावं. तेव्हा ठरलं की रोज सकाळी प्रत्येकानं आपल्या वाट्याची अर्धी बादली टबात ओतायची आणि उरलेल्या अर्ध्या बादलीत स्वतःला काय ते उरकायचं. रविवारपर्यंत बेडूक डोळ्यांपर्यंत बुडेल असा माझा हिशेब होता. मी तर उदार होऊन अख्खी बादलीच द्यायला लागलो. उन्हाळ्याच्या सुट्टीत बापानं काहीतरी त्याग करावा असं मला नेहमी वाटतं, आणि हा त्याग करायला सकाळी लवकर उठावं लागत नव्हतं.

सकाळी आम्ही रांगेनं पाणी ओतायचो. आई सगळ्यांत पुढे. आणि संध्याकाळी बघावं तर बेडूक होता तिथेच, नाहीतर आणखी वर आलेला. आज तर त्यानं पायसुद्धा बाहेर काढले होते.

घरात संशयाचं वातावरण पसरलं. टब फुटलाय असं बायकोचं मत. आम्ही खाली वर्तमानपत्रं पसरून ठेवली, ती कुरकुरीत कोरडी निघाली. बेडूकच पाणी पितोय असं लेकीचं मत. तिनं त्याच्या तोंडावर चिकटपट्टी लावली. ऊन पाणी ओढून घेतं असं मी म्हणालो, त्यावर बायको म्हणाली की ऊन फक्त दुपारी तू झोपलेला असतानाच ओढतं का? त्यानंतर तिचा संशय माझ्यावर आला. मी अख्खी बादली दिल्याचं नाटक करतो आणि मागाहून टबातूनच काढून गुपचूप आंघोळ करतो, असा तिला दाट संशय. स्वयंपाकघरातून येता-जाता ती माझ्याजवळ थांबायची आणि नाकानं तपासणी करायची. वासावरून मी निर्दोष सुटलो. त्यानंतर तिनं माझी खुर्ची खिडकीजवळ हलवली.

मग मी स्वतः तपास हातात घेतला, आणि पहिल्याच दिवशी मला चोर दिसला. म्हणजे चोर नाही, त्याचा मोगरा.

शेजारच्या फ्लॅटची बाल्कनी आमच्या बाल्कनीला चिकटून. तिथले गुजराती काका-काकू महिन्याभरासाठी गावाला गेलेले, दाराला कुलूप. त्या उन्हात अख्ख्या बिल्डिंगची झाडं करपून पापड झाली होती. आमच्या तुळशीनं तर मान टाकली होती. आणि शेजारच्या ग्रिलमध्ये मोगरा असा फुलला होता, जणू कोणाचं तरी लग्न आहे. माणसं गावाला आणि मोगरा टवटवीत. मला दुसरा पुरावा नको होता. मधल्या भिंतीतून बारीक नळी टाकून आमचं पाणी ओढलं जातंय हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. मी भिंत बोटानं ठोकून पाहिली, कान लावून ऐकली. पलीकडून मला स्पष्ट खळखळ ऐकू आली. बायको म्हणाली ती माझ्या पोटातली होती.

मी खाली जाऊन वॉचमनला गाठलं. तो नवीनच लागलेला, मला ओळखत नव्हता. मी सहज विचारावं तसं विचारलं, की तिसऱ्या मजल्यावरचे ते लोक परत कधी येणार, घरात कोणी येतं-जातं का, चावी कोणाकडे असते. तो माझ्याकडे वरून खालपर्यंत बघत राहिला. मग म्हणाला, "ये सब आप को क्यों जानना है, साहब?"

मी वर येईपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला होता. सावधान, बिल्डिंग में एक आदमी बंद घरों की पूछताछ कर रहा है, दाढ़ी बढ़ी हुई, कपड़े मैले. खाली सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती. मीही टाकलं, उगाच शंका नको. बायकोनं तो मेसेज मोठ्यानं वाचला आणि 'कपड़े मैले' पाशी थांबून माझ्याकडे पुन्हा एकदा बघितलं. आईनं त्या संध्याकाळी लेकीला बजावलं की दार आतून लावत जा गं, माणूस फिरतोय.

शनिवार आला. दुसऱ्या दिवशी मैत्रीण येणार आणि बेडूक अजून घोट्यात उभा. लेक आता ओरडत नव्हती, नुसती टबापाशी जाऊन यायची. म्हणून मी दुपारची झोप सोडली. मी झोप सोडली हे वाक्य आमच्या घराण्यात पहिल्यांदाच लिहिलं जात असेल. बाल्कनीत कपडे वाळवायचा स्टँड होता, त्यावर चादर. मी चादरीमागे मांडी घालून बसलो. बाहेर अशी आग पडली होती की माझा घाम टबात धरला असता तर बेडूक दोनदा बुडाला असता.

सगळं घर झोपलं. आणि पावलं वाजली.

आई आली. हातात तिची गावाहून आणलेली कळशी. चोरपावलं नाहीत की इकडेतिकडे बघणं नाही, विहिरीवर जावं तशी आली. कळशी टबात तिरकी केली, भरली, कमरेवर घेतली आणि निघाली. मी चादरीसकट मागे. तिनं पदराच्या गाठीतून चावी काढली, शेजारचं दार उघडलं, सरळ त्यांच्या बाल्कनीत गेली आणि मोगऱ्याला पाणी घालायला लागली.

"आई, हे काय?"

ती दचकली नाही. चादर पांघरलेला मुलगा तिनं या आधीही पाहिला असावा. "झाडं, बाबू. काकू चावी देऊन गेलीय."

"पण टबातलं पाणी का?"

"मग नळाचं घालू? चांगलं पाणी झाडांना?" तिनं कळशी माझ्या नाकाखाली धरली. "हे बघ. साठलेल्या पाण्याला अळ्या धरतात. रोज जुनं काढतेय तरी धरल्यात. ह्यात माझ्या नातीला बसवणार होतास तू?"

कळशीत खरंच बारीक बारीक काहीतरी वळवळत होतं. आठवडाभर आम्ही चौघं अर्ध्या आंघोळीवर राहून जे जमवत होतो, ते डासांचं पाळणाघर होतं. माझ्यासारख्या तपासनिसाला टबात एकदा वाकून बघायचं सुचलं नव्हतं. आईला सांगायचं सुचलं होतं, पण पोर हिरमुसेल म्हणून सकाळी ती ओतत होती आणि दुपारी काढत होती. रविवारी पाण्याचा दिवस आहे, तेव्हाचं तेव्हा बघू, असा तिचा बेत.

घरी येऊन तिनं सुनेला चार शब्दांत सांगितलं आणि दोघींनी मिळून टब उपडा केला. उरलेलं पाणी आमच्या तुळशीला; सोपवलेल्या झाडांपुढे आईनं घरची तुळस मागे ठेवली होती. लेक उठून आली तर रिकामा टब. ती ओरडली नाही. टबात जाऊन बेडकासमोर बसली आणि हळूच म्हणाली, "ती सगळ्या वर्गाला सांगेल." मला एवढं वाईट टब फुगवतानाही वाटलं नव्हतं.

रविवारी सकाळी नळाला पाणी आलं, करंगळीएवढ्या धारेनं. आई नळापाशी उभी राहिली ती हललीच नाही. बादल्या, पातेली, कुकर, डबे, लेकीची पाण्याची बाटली, सगळं भरलं आणि सगळं टबात गेलं. पाणी बेडकाच्या पोटापर्यंत आलं आणि धार आटली. मग ज्या बाईनं एक थेंब देणार नाही म्हणून बजावलं होतं, तिनं पिंपावरचं झाकण काढलं आणि मला म्हणाली, "बघतोस काय, धर." आम्ही पिंप रिकामं केलं. घरात फक्त प्यायचा माठ उरला. बेडूक डोळ्यांपर्यंत बुडाला आणि तिथून टकामका बघत राहिला.

मैत्रीण वडिलांच्या स्कूटरवरून आली. वडील तिला सोडून गेले. ती बाल्कनीच्या दारात उभी राहिली, टबाकडे बघितलं, मग आमच्या लेकीकडे.

"ह्यो पूल?"

लेकीनं मान हलवली. मैत्रिणीनं एक पाय बुडवला, मग दुसरा, मग वाकून बघितलं.

"तळ दिसतोय," ती म्हणाली. "आमच्याकडं न्हाय दिसत." आणि फ्रॉकसकट आत बसली.

आमची लेक तिच्या पाठोपाठ अशी पडली की अर्धा बेडूक उघडा झाला. उरलीसुरली कबुतरं उडाली. मी तेवढ्यात हाफ पँट घालून, खांद्यावर टॉवेल टाकून तयार होऊन आलो. इतका त्याग केला होता, एक पाय तरी माझा हक्काचा. तर लेकीनं दोन्ही हात आडवे धरले. आधी आंघोळ करून ये म्हणाली, पूलचा तो नियम असतो. मी म्हणालो, अगं, आंघोळीला घरात पाणी कुठाय, सगळं तर ह्यात आहे. बायको आतून हसत होती, आई हसत होती, आणि लेक हात खाली घेत नव्हती.

पालीच्या मैत्रिणीनं मला नीट न्याहाळलं.

"काका, तुम्ही आमच्या समुद्रात या," ती म्हणाली. "तिथं आधी आंघोळ न्हाय लागत."