डावा स्क्रीन, उजवा स्क्रीन

दुकान उघडलं तेव्हा वाटलं होतं, गिऱ्हाइकं जमतील. जमले ते किस्से! धुळ्यात माझं कॉम्प्युटर असेंबल करून द्यायचं दुकान आहे, आणि निम्म्या किस्स्यांचं कारण म्हणजे शाळेपासूनचा मित्र हेमंत. तो नरडाण्याला एका कारखान्यात क्वालिटी चेकिंगला असतो. त्याच्याकडे कन्सोल, माझ्याकडे पीसी. दर रविवारी तो कन्सोल पिशवीत घालून येतो. दोन स्क्रीन शेजारी लावायचे, एकच गेम सुरू करायचा आणि कोणाचं ग्राफिक्स भारी यावर चहा थंड होईपर्यंत भांडायचं!

*

एकदा भर मे महिन्यात बर्फाच्या डोंगराचा सीन लावला. मी सगळी सेटिंग्ज हायवर नेली. "बघ, बर्फाचा कण न् कण दिसतोय!" म्हणेस्तोवर पीसीचा पंखा घोंघावला आणि स्क्रीन काळा!

"बर्फात तापणारा पहिलाच पीसी!" हेमंत पोट धरून हसला. तेवढ्यात त्याच्याही स्क्रीनवर मेसेज आला: मशीन फार तापलंय, बंद करा.

दुकानातला एकुलता एक कूलर आम्ही मशीनकडे वळवला आणि बाहेर पायरीवर घाम पुसत बसलो. माझी बायको वैशाली डबा घेऊन आली. आमचे अवतार बघून म्हणाली, "आत बर्फ पडतोय का हो?"

*

हेमंतचे वडील, नाना, शिरपूरकडे केळी लावतात. त्यांना निकाल द्यायला बसवलं. गेममध्ये जंगल, वादळ सुटलेलं, केळीची झाडं हलतायत. नानांनी चष्मा पुसून दोन्हीकडे बराच वेळ बघितलं.

"वारा इतला सुटेल शे, नि केळीनं एकबी पान फाटेल नही? बठ्ठं खोटं शे!"

आम्ही जवळ जाऊन पान न् पान तपासलं. खरंच, एकही फाटलेलं नव्हतं. त्या रविवारी दोघंही हरलो.

*

जळगावचे एक सराफ आले होते. मुलगी धुळ्यात कॉलेजला, तिला पीसी घ्यावा की कन्सोल, हा प्रश्न. हेमंतने भाषण दिलं, मीही दिलं. शेठनी शांतपणे खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि स्क्रीनला नाक टेकवलं.

"अहो, हे तर नुसते ठिपके आहेत!"

"शेठ, ठिपकेच विकतो मी."

मुलगी वैतागून म्हणाली, "पप्पा, मला प्रोजेक्ट करायचेत. तुम्ही जरा लांबून बघा ना!"

पीसी विकला गेला. मी कॉलर ताठ केली, तर हेमंत म्हणे, "ग्राफिक्सवर नाही, प्रोजेक्टवर पास झालास!"

*

गेल्या दिवाळीत मात्र भांडण खरंखुरं पेटलं. "माझ्या स्क्रीनवर पाणी बघ, आणि तुझ्यावर बघ. तुला हा फरक दिसत नाही? कारखान्यात असंच चेकिंग करतोस का?" मी बोलून गेलो. हेमंतने पिशवी उचलली.

वैशाली टेबलामागे डोकावली. "दोन्ही स्क्रीनच्या वायरी एकाच डब्यातून कशा काय आल्यात?"

एकच चित्र दोन स्क्रीनवर दाखवणारा स्प्लिटर मी सकाळी टेस्टिंगसाठी जोडला होता, तो काढलाच नव्हता. दोन्हीकडे हेमंतचाच कन्सोल चालू होता! अर्धा तास मी त्याच्याच पाण्याचं कौतुक करत होतो.

हेमंतने पिशवी खाली ठेवली. "वहिनी, चहा सांगा. आज तुमच्या मिस्टरांनी माझी लई तारीफ केली!"

*

हेमंतच्या आईला सगळे अक्का म्हणतात. दोन-तीन वर्षं मोतीबिंदूमुळे त्यांना सगळं धुरकट दिसायचं, पण ऑपरेशनला तयार होत नव्हत्या. यंदा कशाबशा झाल्या. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली, तसा हेमंत त्यांना दवाखान्यातून थेट दुकानात घेऊन आला.

"आज खरा जज आणलाय!"

समुद्रावरच्या संध्याकाळचा सीन लावला. अक्कांना खुर्चीत बसवलं. दोन स्क्रीनच्या मधोमध उभा राहून हेमंत म्हणाला, "माय, नीट देख. डावं चांगलं का उजवं?"

अक्कांनी डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. मग नजर मध्ये आणली आणि तिथेच ठेवली. हेमंत जवळ वाकला, तशी हात उचलून त्याच्या कानाशेजारी बोटं फिरवली.

"तुना केस कधी पिकनात रे, भाऊ?"