कच्चा धावदोरा

फॉलवाल्या मावशी सुईत दोरा ओवताना दोऱ्याचं टोक कधी ओलं करायच्या नाहीत. "थुंकी लावून ओवणाऱ्यांनी गोणपाट शिवावं," असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायच्या. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर एकट्या राहायच्या आणि सगळ्यांच्या साड्यांना फॉल लावायच्या. एक डोळा लहानपणीच गेलेला, त्यामुळे हे सगळं दुसऱ्या डोळ्यावर.

त्या डोळ्याच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा पांढुरका झाला, तेव्हा कुणीतरी जाताना दान केलेला पडदा त्यांना बसवला. काही महिन्यांनी मावशींनी पहिल्या फटक्यात दोरा ओवला आणि त्या रडल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, स्टेरॉइडचे थेंब आम्ही सांगेपर्यंत बंद करायचे नाहीत. शरीर परका पडदा नाकारू बघतं, ते या थेंबांनीच थांबतं. थेंब घालायचं काम माझ्याकडे होतं, ऑफिसला जाताना आणि आल्यावर.

एके सकाळी मावशींनी बाटली बाजूला सारली. "शिवण पक्की झाली की कच्चा धावदोरा आपण उसवतोच ना? मग आता हे कशाला?" मला हसू आलं. खरं सांगते, बसच्या घाईत ते सोयीचंही वाटलं. मी "बरं" म्हणाले. त्या एका शब्दाबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

डोळा लाल झाला तरी त्या बोलल्या नाहीत, हातात कुणाच्या तरी लग्नाचे शालू होते. दोरा दिसेनासा झाला तेव्हा बोलल्या. तोवर पडदा गढूळला होता. डॉक्टर म्हणाले, पुन्हा नाव नोंदवू.

"कुणीतरी जाताना दिलेलं मी वाया घालवलं," मावशी म्हणाल्या. "आता कोणत्या तोंडाने मागू?"

"चूक माझी आहे, मावशी."

"तुझी कसली? डोळा माझा, अक्कलही माझीच."

त्यानंतर दर रविवारी त्या मला दहा सुया ओवून ठेवायला सांगत. "हाताला सवय आहे, चाचपत लावते फॉल." आधीच्या सुया कुठे गेल्या विचारलं, तर म्हणत, "आंधळीच्या हातून सुया हरवायच्याच गं." मी नवं पाकीट आणायची, मन लावून ओवायची. एवढं तरी आपल्या हातून होतंय, या समाधानावर माझा आठवडा निघायचा.

गेल्या महिन्यात मावशी गेल्या. सामान आवरताना त्यांच्या भाचीने एक पत्र्याचा डबा माझ्या हातात ठेवला. आत मी ओवलेल्या सगळ्या सुया होत्या. एकीचाही दोरा वापरलेला नव्हता.

"मावशीने तर केव्हाच शिवणं सोडलं होतं," भाची म्हणाली. "तुम्हाला सांगू नको म्हणाली होती."