कोंडाबाईंचं बंद घर

देवावरचा माझा विश्वास कधी उडाला नव्हता, पण त्या वर्षी मार्गशीर्षात तो फार थकला होता. चिंचवडला पवनेकाठच्या एका जुन्या गोदामात मी लढाईवरून परतलेल्या शिपायांना सांभाळत होते. माझे यजमान सुभेदार. ते ब्रह्मदेशातून परतले नाहीत. त्यांच्या पलटणीतले जे परतले, त्यांतल्या काहींना घर उरलं नव्हतं, काहींना घरात घेणारं कुणी उरलं नव्हतं. असे एकेक करून ते माझ्या दारी आले आणि माझेच झाले. पुढे आसपास कारखाने येऊ लागले, गोदामांना मागणी आली आणि मालकांनी जागा सोडायला सांगितलं.

मी गावोगाव फिरले. शिपाई म्हटलं की लोक हात जोडत. त्यातले काही झोपेत ओरडतात म्हटलं की दार लागे. संकष्टीला मोरयाचं दर्शन घेऊन उपाशीपोटीच चाकण गाठलं. सोबत कुबडीवर चालणारे शंकर हवालदार होते आणि त्यांना क्षणभर न सोडणारा गणू. गणू लढाईपासून एक शब्दही बोलला नव्हता. चाकणलाही नकारच मिळाला. चक्रेश्वराच्या पायरीवर बसले आणि मला रडू फुटलं. मनात म्हटलं, ‘देवा, मला आता जमत नाही. ही तुझी लेकरं, तूच बघ.’

देवळातून एक म्हातारी रिकामी कळशी घेऊन बाहेर आली. माझ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती गणूपाशी थांबली.

“ह्यो जेवलाय का?”

“आम्ही लढाईवरचे, आये. ब्रह्मदेशातले,” हवालदार म्हणाले. “राहायला जागा शोधतोय.”

म्हातारीनं कळशी खाली ठेवली. “माझा इठू बी तिकडंच ऱ्हायला. त्याच्या लग्नासाठी घर बांधलं व्हतं. तवापासनं कुलूप हाय. चला.”

हवालदार सच्चा माणूस. म्हणाले, “आमच्यातले काही झोपेत ओरडतात. गाव नको म्हणतंय.”

“वरडू द्या. इठू बी वरडला आसंल. कोन व्हतं त्याच्यापाशी?”

कोंडाबाई त्यांचं नाव. गावात कुरकुर झाली, ती त्यांनी एकटीनं अंगावर घेतली. आम्ही राहायला गेलो आणि दुसऱ्या दिवसापासून त्या चुलीपाशी ठाण मांडून बसल्या. “गपगुमान खा रं मेल्यांनो,” म्हणत प्रत्येकाच्या ताटात भाकरी टाकायच्या, आणि लढाईत न डगमगलेली ती माणसं मुकाट्यानं खायची.

एका दुपारी त्यांनी गणूला पिठलं वाढलं. त्यानं घास घेतला, थांबला आणि अगदी हळू म्हणाला, “आये, मीठ कमी हाय.”

सगळ्यांचे हात जागीच थांबले. कोंडाबाईंनी पदर डोळ्यांना लावला, मग मिठाचं मडकं त्याच्यापुढे सरकवलं. “घे की तुझ्या हातानं,” म्हणाल्या.

लोक विचारतात, हा चमत्कार होता का? मला सांगता येत नाही. मी नुसतं छप्पर शोधत होते. या माणसांना आईची भूक आहे हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं, आणि देवाकडे मी ते मागितलंही नव्हतं. अजूनही अडलं की धावपळ मी करतेच. पण पाय थकले की पायरीवर बसायची आता लाज वाटत नाही.