पपईची दांडी फुंकणारा ड्रायव्हर

आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत कुणाच्या घरी काय शिजतंय ते मला फोडणी पडायच्या आधी कळतं. त्यामुळे एसटीचा ड्रायव्हर देवराम भोये भर दुपारी गॅलरीत बसून तांब्यातल्या पाण्यात पपईच्या पानाची दांडी घालतो आणि बुडबुडे काढतो, ही बातमी माझ्याच तोंडून सगळीकडे गेली. त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय असं मी मुळीच म्हणालो नव्हतो. "झाला असेल का हो?" एवढंच विचारलं होतं.

देवराम मूळचा कळवणकडच्या डोंगरातला, कोकणा समाजाचा. उमेदीची सगळी वर्षं स्टेअरिंगवर गेली. द्वारकेच्या चौकात बस अडकली की प्रवासी त्यालाच बोलणार, जणू पुढच्या सगळ्या गाड्या यानंच आडव्या लावल्यात. ड्रायव्हरनं उलट बोलायचं नसतं. देवराम सगळं गिळायचा आणि स्टँड आला की भिंतीआड जाऊन बिडी पेटवायचा. रागाला एक, दमणुकीला एक, घरच्या काळजीला एक. शेवटी जिना चढताना तो मधल्या मजल्यावर थांबून उगाच मोबाईल बघायला लागला. आता मोबाईल बघणाऱ्या माणसाची छाती एवढी वरखाली होत नाही, हे मला कळतं. मी त्याच्या बायकोच्या, मीनावहिनींच्या, कानावर घातलं. चहाडी म्हणा हवं तर.

वहिनींनी त्याला छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी यंत्रात फुंकायला लावलं, कागद बघितला आणि म्हणाल्या, "गेलेलं फुप्फुस मी परत आणू शकत नाही. उरलेलं राखायचं की जाळायचं, ते तुम्ही ठरवा."

देवरामनं एकच विचारलं, "पावरी वाजंल का?"

बाईंना पावरी ठाऊक नव्हती. त्यानं हातवारे करून सांगितलं. भोपळा आणि शिंग जोडून केलेलं, हातभर लांब, मोरपिसं लावलेलं वाद्य. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो, तेव्हा व्रत घेतलेले माउली त्या सुरावर फेर धरतात. त्यांच्या गावात रीत अशी की फेर चालू असेपर्यंत सूर तुटायचा नाही. वाजवणाऱ्यानं नाकानं श्वास घ्यायचा आणि त्याच वेळी गालातली हवा सोडत राहायची. मागच्या वर्षी देवरामचा सूर अर्ध्यात तुटला होता. फेर जागच्या जागी उभा राहिला आणि शेजारच्या गावच्या धनराजनं येऊन तो पुरा केला. गावानं यंदा आधीच निरोप धाडला होता, की दिवाळीपर्यंत सांग, नाहीतर धनराजला बोलावतो.

"बिडी पूर्ण बंद, श्वासाचा पंप रोज," बाई म्हणाल्या, "आणि दम लागला की थांबायचं. कबूल असेल तर बघू."

आता देवरामनं काय करावं? आजवर बिडी सुटली होती ती फक्त व्रताच्या दिवसांत, देवाच्या धाकानं. म्हणून या गड्यानं भर आषाढात, एकट्यानंच माउलीचं व्रत धरलं. व्रत म्हटलं की अनवाणी राहणं आलं. गेला डेपोत तसाच. साहेबांनी पायाकडे बघितलं आणि म्हणाले, "बूट घालून या, मग गाडी देतो." वर एकवेळ जेवण. स्टँडवर त्याला भोवळ आली. बातमी गावी पोचली (यात माझा हात नव्हता) आणि त्याची आई, अक्काबाई, पहिल्या गाडीनं इकडे.

"कुणी बांधलं तुला व्रत?"

"मीच."

"देव काय तुझा कंडक्टर हाय, कवा बी घंटी मारायला? मार्गशीर्षाच्या आधी त्याला हाक मारायची नाय. बूट घाल, जेव पोटभर. बिडी सोडायची तर तुझ्या जिवावर सोड."

मग तिनंच ती पपईची दांडी काढून दिली. त्यांच्याकडची पोरं पावरी शिकतात ती अशी. पाण्यात फुंकत राहायचं, बुडबुडा थांबता कामा नये. देवराम दांडी बाटलीत खोचून बसमध्ये नेऊ लागला. तलफ आली की भिंतीआड बिडी नाही, बुडबुडे. डेपोतला चंदर म्हणे, "देवबा, हुक्का थंड झाला का रे?" देवराम गाल फुगवलेलेच ठेवून मान हलवायचा.

एकदा घसरला. नांदुरीच्या घाटात एक मोटारसायकलवाला बसखाली येता येता वाचला. देवराम खाली उतरल्यावर कुणीतरी बिडी पुढे केली, त्यानं ओढली. घरी वहिनींना वास आला. त्यांनी ताटाशेजारी नवी दांडी आणि पाण्याचा तांब्या ठेवला. त्यानं आधी फुंकलं, मग जेवला. दिवाळीच्या आत गावाला कळवलं, की पावरी मी वाजवणार, पण धनराजलाही बोलवा. दम लागला तर सूर त्याच्याकडे देईन, तुटू देणार नाही. मागच्या वर्षी ज्यानं आपली लाज बघितली त्यालाच बोलवायला छाती लागते, आणि ती कुठल्या यंत्रात मोजत नाहीत.

मार्गशीर्षात मी मुद्दाम गेलो. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेल्या बातमीत मजा नाही. सकाळच्या उन्हात अंगणात फेर लागला. देवराम वाजवत होता, गाल भोपळ्यासारखे तट्ट. फेर अर्ध्यावर आला तेव्हा धनराजनं आपली पावरी ओठाला लावली. देवरामनं डोळ्यांनीच नाही म्हटलं. पुढे त्याच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या आणि मीच श्वास धरून बसलो. माउली फिरत फिरत मूळ जागी आले, पाय थांबले, आणि त्यानंतर सूर थांबला. आधी नाही.

देवराम मटकन खाली बसला. खिशातून पंप काढला आणि सगळ्या गावासमोर ओढला. इथं कॉलनीत तो पंप रुमालात लपवून घ्यायचा.

धनराज शेजारी येऊन बसला. "मी असतो तर सूर सोडला असता," तो म्हणाला. "मला बी खोकला हाय."

"ये नाशिकला. बाईंकडं नेतो."

अक्काबाई ओट्यावरून उतरल्या. देवराम त्यांच्या तोंडाकडे पोरासारखा बघत होता.

"तुझा बाप असा वाजवत नव्हता," त्या म्हणाल्या.

देवरामनं मान खाली घातली.

"फेर मधीच थांबवायचा, बिडी ओढायला. आम्ही हातात हात घेऊन उभ्या राहायचो उन्हात."

"मग आजवर बोलली का नाय?"

"मेल्या माणसाची काय चहाडी करायची? पण आज तू ऐकायच्या लायकीचा झाला."

म्हातारी हसली. देवरामनं पंप खिशात ठेवला, धनराजच्या खांद्याला धरून उठला आणि म्हणाला, "आता तू सुरू कर. अर्ध्यात मी घेतो."