टाकी फुटली तेव्हा

विम्यात काय येतं आणि काय येत नाही, हे मला गच्चीवरची टाकी फुटल्यावर कळलं. तोवर विमा म्हणजे मुलानं बंगळुरात बसून काढलेला आणि मला फोनवर पाठवलेला एक कागद होता. "आई, वरची खोली भाड्यानं दिलीय ना, मग घरमालकाचा विमा हवा," असं तो म्हणाला होता. मी एवढंच विचारलं, भूकंप धरलाय का? लातूरचं माणूस दुसरं काय विचारणार! धरलाय म्हणाला, मी निर्धास्त झाले.

वरच्या खोलीत निलंग्याकडच्या एक बाई आणि त्यांची मुलगी राहत होत्या. मुलगी बारावीला, डॉक्टर व्हायचं म्हणून इथं क्लास लावलेला. आई तिला करून घालायला आलेली, नवरा गावी शेत बघायचा. आमच्या गल्लीत घरटी अशी एक तरी जोडी असते. दोन वर्षं राहतात आणि परीक्षा झाली की गाद्या-भांडी टेम्पोत टाकून निघून जातात. म्हणून भाडेकरूंशी जेवढ्यास तेवढं वागायचं, हा माझा नियम. मी तशी खवटच. पण माझा नवरा वारल्यानंतर तो नियम कधी ढिला पडला, मला कळलं नाही. वर कुकरची शिट्टी झाली की मी माझा कुकर लावायची. भाडं द्यायला बाई खाली यायच्या, "बसत न्हाई काकू" म्हणत बसायच्या आणि तासभर उठायच्या नाहीत.

आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे आलं की टाकी काठोकाठ भरून ठेवायची. अशीच भरलेली टाकी एका दुपारी उभी फाटली. लातुरात पाण्यानं नुकसान झालं म्हटलं तर लोक हसतील, पण झालं खरं. पाणी जिन्यातून वरच्या खोलीत शिरलं, जुन्या स्लॅबमधूनही झिरपलं. क्लासवरून आलेली मुलगी आपल्या वह्यांचा लगदा बघून रडायला लागली. मी थाटात म्हटलं, "रडू नको गं. माझा विमा आहे, सगळं भरून मिळेल."

चार दिवस त्या दोघी खाली माझ्याकडे झोपल्या, मग नुकसान बघायला कंपनीचा सर्व्हेअर आला. लातूरचाच, बोलायला मोकळा. छताचे फोटो काढत म्हणाला, "काकू, भिंती, स्लॅब, वायरिंग, तुमचा पंखा, हे सगळं येतंय. त्यांच्या गाद्या, पुस्तकं न्हाई येत. भाडेकरूच्या सामानाला त्याचा त्यानं विमा काढावा लागतोय."

"गादीचा विमा?" मी म्हटलं. "कोण काढतं?"

"कुणीच न्हाई," तो म्हणाला. मग माझं तोंड उतरलेलं बघून त्यानं चांगली बातमी सांगितली. खोली राहण्यालायक नाही असं अहवालात आलं, तर दुरुस्ती होईपर्यंतचं भाडं कंपनी मला देणार होती.

"आणि ह्या दोघी?"

"त्यांना खोली सोडावी लागंल की."

"दुरुस्तीनंतर परत आल्या नाहीत तर?"

"ते विम्यात येत न्हाई, काकू."

मी म्हटलं, "मग खोली राहण्यालायक आहे असंच लिहा. मला नको ते भाडं." सगळं नीट चालतंय हे त्याला दाखवायला मी पंख्याच्या बटणाकडे हात नेला, तसा तो ओरडला, "हात लावू नका! भिंत ओली हाय." मी हात मागं घेतला. मुलीच्या पलंगाच्या बरोबर वर प्लास्टर फुगून खाली आलं होतं. मला सोबत हवी म्हणून मी दुसऱ्याच्या लेकीला या छताखाली झोपवायला निघाले होते. मला माझीच भीती वाटली. "लिहा," मी म्हटलं, "नाही म्हणून लिहा."

गादीचे आणि पुस्तकांचे पैसे मी माझ्याकडचे दिले. बाई घेत नव्हत्या, मी रागावले तेव्हा घेतले. मग धीर करून म्हटलं, "खाली माझ्याकडेच राहा ना. मधली खोली मोकळीच आहे."

बाईंनी माझा हात धरला. "काकू, तुम्ही लई जीव लावलाव. पर पाव्हण्यावानी किती दिवस ऱ्हावं वो? परीक्षा तोंडावर आलीया. पोरीला क्लासच्या जवळ खोली मिळायलीय." त्यांचं बरोबरच होतं.

टेम्पो गेला. दुरुस्ती रेंगाळली, त्यात परीक्षा होऊन गेली. बाईंचा एकदा फोन आला, पेपर बरे गेले म्हणाल्या, आम्ही गावी चाललो म्हणाल्या. खोलीला नवा रंग लागला, नवं वायरिंग झालं. मधल्या सगळ्या महिन्यांचं भाडं कंपनीनं बिनबोभाट खात्यात जमा केलं.

रात्री मुलाचा फोन आला. गादी-पुस्तकांचे पैसे तेवढे वगळून मी त्याला सगळा हिशेब सांगितला. तो खूश झाला. "बघ आई," म्हणाला, "तुझं एका रुपयाचंही नुकसान झालं नाही."

मी हो म्हटलं.